ज्याले काईच लागत नाई

डोमाजीला टॉवेल कधी सापडला नाही. हरवलेला टॉवेल तर कोणालाच सापडत नाही, त्यात काही विशेष नाही. डोमाजीला न हरवलेला टॉवेल सापडत नसे. न्हाणीच्या दारामागे खिळा आणि खिळ्याला टॉवेल, हे कौशल्या लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ठरलेलं. तरी रोज सकाळी न्हाणीतून हाक यायची, "अवं, टावेल." मग कौशल्या हातातलं पीठ झटकून उठायची, दार थोडंसं लोटायची, आत हात घालून खिळ्यावरचा टॉवेल काढायची आणि तिथंच कुडकुडत उभ्या असलेल्या डोमाजीच्या हातात द्यायची. टॉवेलाचा प्रवास वीतभर. पण तेवढाही डोमाजीच्यानं कधी झाला नाही.

टॉवेलानंतर चष्मा. चष्म्यानंतर टोपी, जी बहुतेक वेळा डोक्यावरच असे. तो वावरात गेला तरी कौशल्येची सुटका नसे. तिथून फोन यायचा, "अवं, इळा कुठी ठुला मी?" पातूरच्या अलीकडच्या आपल्या गावात, घरात चुलीपुढे बसलेली कौशल्या सांगायची, "डाव्या हातात पाहा." विळा डाव्या हातात निघायचा.

आता यावरून कोणी डोमाजीला नालायक म्हणत असेल तर म्हणू नये, आधीच बजावून ठेवतो. त्याची काळी जमीन थोडीच, पण त्यात झेंडू, शेवंती, मरवा आणि कडेकडेनं भाजीपाला असा पिकायचा की शेजारच्या वावरवाल्यांनी बांधावर उभं राहून नुसतं पाहावं. त्याच्या हातचा हार अकोल्याच्या बाजारात कोणाचा आहे हे विचारावं लागत नसे. गाठ अशी पक्की की नवरदेव म्हातारा झाला तरी सुटू नये. फुलांमधलं त्याला सगळं कळायचं. घरातलं काही कळायचं नाही, आणि कळायची गरजही पडली नव्हती, कारण घरात कौशल्या होती.

सगळा घोटाळा झाला तो भागवत सप्ताहामुळे.

दिवाळी झाली होती, थंडी पडायला लागली होती. रामाच्या देवळापुढे मांडव पडला, बाहेरगावचे महाराज आले, आणि भोंगे असे चारी दिशांना बांधले की वावरातल्या बैलालाही भागवत चुकू नये. डोमाजीनं रोज हार दिला. शेवटच्या दिवशी तर एवढा मोठा हार केला की तो दोघांनी धरून आणावा लागला.

त्या दिवशी महाराज देवाच्या स्वरूपावर बोलत होते. "परमेश्वर पूर्णकाम आहे," महाराज म्हणाले. "पूर्णकाम म्हणजे काय? म्हणजे त्याला काहीही लागत नाही. तुम्ही दूध द्या, त्याला भूक नाही. शाल द्या, त्याला थंडी नाही. तुमचा हा हार नसला म्हणून त्याची मान काही रिकामी राहत नाही." इथं महाराजांनी डोमाजीच्या हाराचं एक टोक उचलून सगळ्यांना दाखवलं. "तो स्वतःतच भरलेला, स्वतःतच रमणारा. म्हणून त्याला आत्माराम म्हणायचं. आणि आपण? डोळा उघडला की हे लागतं, ते लागतं. सांगा मायबाप, या मांडवात असा एकतरी आहे का, ज्याला काही लागत नाही?"

असे प्रश्न उत्तरासाठी विचारलेले नसतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण बायकांच्या बाजूला गौळणी म्हणायला दुसरा माइक ठेवला होता, तो चालू राहिला होता, आणि त्याच्या पुढ्यात कौशल्या बसली होती. ती शेजारणीच्या, म्हणजे माणिकबाईच्या, कानात म्हणाली, "तसा तं नाई, पन ज्याले सगळंच लागते असा एक आमच्या घरी हाय."

कानात सांगितलेलं हे वाक्य चारही भोंग्यांतून बाहेर पडलं. मांडव हसला. महाराज हसले. मृदंगवाल्यानं वरून एक थाप दिली. लांब वावरात पिकाला पाणी देणारा माणूसही हसला, असं मागून कळलं.

डोमाजी महाप्रसादाला थांबला नाही. घरी आला, ओट्यावर बसला आणि मनाशी पक्कं केलं. देवाले काई लागत नाई ना? मंग डोमाजीलेही काई लागत नाई. पाहूच कोन काय मनते ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतून हाक आली नाही. कौशल्येनं सवयीनं पीठ झटकलं होतं, ती उगाच उभी राहिली. थोड्या वेळानं डोमाजी बाहेर आला, निथळत.

"अवो, टावेल?"

"मले टावेल लागत नाई," डोमाजी म्हणाला. दात वाजत असल्यामुळे ते वाक्य बरंच लांबलं.

आणि तो अंगणात दोन्ही हात पसरून उन्हाची वाट पाहत उभा राहिला. हिवाळ्यातलं ऊन, ते काय कोणाच्या हुकमानं येतं होय? ते आपल्या सवडीनं येणार. माणिकबाईनं भिंतीवरून डोकावून पाहिलं आणि विचारलं, "काय वं कौशल्या, धुऊन वाळत घातले काय?"

"हो ना बाई," कौशल्या म्हणाली, "आज जरा जाड कपडा निघाला."

चहाचं तर विचारूच नका. मले चहा लागत नाई, हे म्हणायला सोपं होतं. पण दुपारपर्यंत डोमाजीचं डोकं असं ठणकायला लागलं की झेंडूही दोन-दोन दिसू लागले. शेवटी त्यानं शास्त्रातून वाट काढली. देवाला अन्न लागत नाही, पण धूप चालतो. वास घेतल्यानं कोणी गरजवंत ठरत नाही. मग माणिकबाईच्या घरी चहा उकळायला लागला की डोमाजी भिंतीला लागून उभा राही, डोळे मिटी आणि मोठमोठे श्वास घेई. माणिकबाई सत्तरीला टेकलेली. तिनं आधी दुर्लक्ष केलं. मग डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग ती तावातावानं कौशल्येकडे आली.

"तुह्या मानसाले सांग बाई. मी चहा ठुला की भिंतीपाशी येऊन उसासे टाकून राहिले ते. या वयात हे बरं दिसते काय?"

कौशल्या पदर तोंडाला लावून इतकी हसली की माणिकबाई रुसून गेली.

त्यापुढे चष्म्याची पाळी. चष्मा लागत नाही म्हणून तो देव्हाऱ्यात ठेवून दिला, आणि ऐन लग्नसराईत डोमाजी उघड्या डोळ्यांनी हार गुंफायला बसला. मरव्याच्या जुडीशेजारी शेपूची जुडी पडलेली होती. आता मरवा कुठं, शेपू कुठं. पण ज्याला काहीच लागत नाही त्याला फरकही लागत नसावा. पातूरचा एक नवरदेव शेपूचा हार घालून बोहल्यावर उभा राहिला. नवरीला म्हणे सारखं वाटत होतं की कोणीतरी भाजीची पिशवी विसरून गेलं आहे. नवरदेवाचा मामा तावातावानं आला, तेव्हा डोमाजी शांतपणे म्हणाला, "भावना पाहा." मामानं भावना पाहिली नाही. त्यानं हार डोमाजीच्याच गळ्यात घातला आणि निघून गेला. कौशल्येनं संध्याकाळी त्याची भाजी केली.

आणि इथंच जेवणाचा प्रश्न आला. दिवसा डोमाजी वावरातले गाजर, मुळे, टमाटे खाऊन घेई. ते झाडाचं, कोणाच्या हातचं नव्हे, म्हणून चालायचं. पण संध्याकाळी घरात भाकरीचा वास सुटला की देवपण अवघड व्हायचं. त्याचा बेत असा होता की आपण नाही म्हणायचं, कौशल्येनं आग्रह करायचा, पुन्हा नाही म्हणायचं, तिनं हातापाया पडायचं, आणि मग भक्ताचं मन मोडू नये म्हणून आपण दोन भाकरी खायच्या. बेत चांगला होता. तो कौशल्येला कोणी सांगितला नव्हता, एवढीच अडचण.

कौशल्येची अडचण वेगळी. तिचा एक नेम होता: घरधनी घरात असला तर तो जेवल्याशिवाय ती जेवत नसे. हा नेम कोणी काढला, कशाला काढला, मला विचारू नका. तिला तिच्या आईनं शिकवला आणि तिनं आपल्या लेकीला मुद्दाम शिकवला नाही. पण स्वतःचा कधी मोडला नाही. पहिल्या संध्याकाळी डोमाजीनं ताटाला हात लावला नाही, तर तीही उपाशी राहिली. डोमाजीच्या ते ध्यानातही आलं नाही. तो आपला आग्रहाची वाट पाहत होता.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं ताट वाढून आणलं. आलू-वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा, ठेच्यावर कच्चं तेल. डोमाजीनं मांडी घातली, डोळे अर्धे मिटले आणि म्हणाला, "मले लागत नाई."

कौशल्येनं ताट त्याच्यापुढे ठेवलं. मग उठली. देव्हाऱ्यातून घंटी आणली. भाजीवर तुळशीचं पान ठेवलं. ताटाभोवती पाणी फिरवलं, पदर आडवा धरून पडदा केला, घंटी वाजवली, हात जोडले. आणि ताट उचलून चुलीपाशी नेऊन स्वतः जेवायला बसली.

डोमाजीनं मिटलेले डोळे पूर्ण उघडले. "हे काय केलं?"

"नैवेद्य दाखवला," भाकर मोडत कौशल्या म्हणाली. "देव काय खाते थोडाच? देव पाहाते. खाचं तं आपल्यालेच लागते."

जेवण झाल्यावर तिनं त्याच्या तळहातावर चिमूटभर आलू-वांगं ठेवलं. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, म्हणून त्यानं ते तोंडात टाकलं. पुढच्या संध्याकाळी चिमटीची मूठ झाली. त्याच्या पुढच्या संध्याकाळी प्रसाद वाटीतून आला, मग वाटीसोबत अर्धी भाकरही आली, आणि असंच चाललं असतं तर पंधरवड्यात हा देव गुपचूप माणसात आला असता. कौशल्येनं तसंच योजलं होतं. पण मध्येच बडनेऱ्याचं बोलावणं आलं.

बडनेऱ्याला कौशल्येचा थोरला भाऊ, रामराव. रेल्वेतून रिटायर झालेला, रुळाच्या अगदी लागून घर. त्याच्या नातीचं बारसं होतं. डोमाजीला फुलांच्या दिवसांत हलता येत नव्हतं, म्हणून कौशल्या एकटीच निघाली. पिशवी भरली, लुगडं नीट केलं, आणि दारात येऊन तिनं विचारलं, "दोन दिवस जाऊन येते. तुमाले काई लागन काय?"

तिला काय पाहिजे होतं? फार काही नाही. लौकर ये, एवढं ऐकायचं होतं. किंवा नुसतं 'लागन ना' म्हटलं असतं तरी ती बसस्टँडपर्यंत गाणं म्हणत गेली असती. पण डोमाजीच्या अंगात देव भरलेला. तो आभाळाकडे पाहत म्हणाला, "मले काई लागत नाई." आणि वाक्य छान जमलं असं वाटून वर आणखी म्हणाला, "तूबी लागत नाई मले."

लागणं हा शब्द आपल्या भाषेत फार खोडीचा. भूक लागते, ठेच लागते, बोललेलं मनाला लागतं. आणि माणूसही माणसाचा लागतो. हा माझा काका लागतो, ती माझी मावशी लागते. ज्याच्याशी नातंच नाही त्याला म्हणतात, तो माझा कोणी लागत नाही. डोमाजी गरजेबद्दल बोलला. कौशल्येनं नात्याबद्दल ऐकलं. पिशवी उचलली आणि गेली.

दोन दिवस झाले, चार झाले, आठवडा होत आला. कौशल्या आली नाही, फोन उचलीना. रामरावाला फोन केला तर तो म्हणाला, "बरी हाय ती. जवाई, तुमाले काई लागते काय, असं विचारून राहिली."

"नाई," डोमाजी म्हणाला.

"बरं," म्हणून रामरावानं फोन ठेवून दिला.

आता घरात डोमाजी एकटा. खरं म्हणजे देव व्हायला याहून चांगली संधी नव्हती. पण गंमत अशी की मले लागत नाई, हे म्हणायला समोर कोणीतरी 'घ्या' म्हणणारं लागतं. चहा नको म्हणावा तर चहा देणारं कोणी नाही. ताटाकडे पाठ फिरवावी तर ताट नाही. एकदा त्यानं स्वतःच भाकर केली आणि स्वतःच तिला नको म्हटलं. ती भाकर पाहता ते बरोबरच होतं. सकाळी आंघोळ करून तो न्हाणीत उभा राहिला, आणि हवेत वाळायचाही कंटाळा येऊन त्यानं सहज दार लोटलं, तर दारामागे टॉवेल. खिळ्याला, जिथं असतो तिथंच. डोमाजी तो हातात घेऊन चुलीपर्यंत आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा टॉवेल सापडला होता, आणि ते सांगायला घरात कोणी नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

माणिकबाईनं भिंतीवरून विचारलं, "कवा येते कौशल्या?"

"येईन आपली. मले का करा लागते?"

"तुमी असेच बोला," माणिकबाई भडकली. "जाता जाता रडून राहिली होती ते पोरगी. एवढा जलम संगं काढला अन् मनते, मानूस मले म्हणाला, तू माही कोनी लागत नाई."

"मी असं कुठी म्हटलं? मी म्हटलं, तू मले लागत नाई."

"मंग तेच तं म्हटलं ना बह्याडा," माणिकबाई म्हणाली. वयानं थोरली, त्याला वेडा म्हणायचा तिला अधिकार होता.

डोमाजीनं तोंडातल्या तोंडात ते वाक्य उलटंसुलटं म्हणून पाहिलं, आणि त्यातलं दुसरं लागणं त्यालाही ऐकू आलं. कौशल्या आता आलीच नाही तर काय, हा प्रश्न त्याला तेव्हा पहिल्यांदा पडला.

सकाळी तो शेवंतीचा हार घेऊन रामाच्या देवळात गेला. पुजारी उत्तमराव देवाची आंघोळ आटोपून मूर्ती पुसत होता. एका छोट्याशा, गुलाबी, मऊ टॉवेलानं. डोमाजी त्या टॉवेलाकडे पाहतच राहिला.

"उत्तमराव, देवाले टावेल लागते काय?"

"देवाले काईच लागत नाई," उत्तमराव म्हणाला. "सप्ताहात आयकलं नाई काय?"

"मंग हे काय?"

"मंग काय, हिवाळ्यात ओला ठुऊ त्याले?"

"त्याले थंडी वाजते?"

"त्याले नाई वाजत. त्याले ओला पाहून मले वाजते." उत्तमरावानं रामाचे कान पुसले, मग सीतामाईचा टॉवेल वेगळा काढला. प्रश्न विचारणाऱ्यांचा त्याला तसाही राग होता.

"अन् नैवेद्य? भूक नाई तं तो बसते कायले ताटावर?"

"अरे, त्यानं नजर टाकल्याबिगर माह्या घरी कोनी घास घेत नाई. त्यानं उद्या मले लागत नाई म्हणून तोंड फिरवलं, तं माही बायको-लेकरं उपाशी. म्हणून बसते बिचारा दोन्ही टाइम. स्वतःले लागत नाई म्हणूनच त्याले दुसऱ्यासाठी बसता येते. देवाले काई लागत नाई हे खरं, पन देव आपला लागते ना बापा." मग त्यानं हात पुढे केला. "आन तो हार इकडे. शेपू तं नाई ना त्याच्यात?"

डोमाजीला एकदम ती पहिली संध्याकाळ आठवली. आपण डोळे मिटून आग्रहाची वाट पाहत होतो, आणि ती चुलीपाशी उपाशी बसली होती. नंतरच्या घंटीचा अर्थ त्याला आत्ता कळला. ती त्याची थट्टा करत होतीच, पण तिला भूकही लागली होती, आणि त्याला देव केल्याशिवाय तिला घास घेता येत नव्हता. डोमाजी हार उत्तमरावाच्या हातात टाकून घरी पळत गेला. देव्हाऱ्यातून चष्मा घेतला, नीट पाहून शेवंतीची वेणी गुंफली, रुमालात बांधली आणि अकोल्याची गाडी धरली.

अकोल्याहून रेल्वेनं बडनेऱ्यापर्यंत तो एकच वाक्य घोकत होता: देवाले काई लागत नाई, पन देव आपला लागते. वाक्य उत्तम होतं. ते म्हटलं की कौशल्या उठून पिशवी भरणार याची त्याला खात्री होती. बडनेऱ्याला उतरेपर्यंत ते पाठही झालं.

रामरावाच्या घरी जेवणाची वेळ झाली होती. रामरावानं "या जवाई" म्हणून पाट दिला आणि वर्तमानपत्रामागे तोंड लपवलं. कौशल्या स्वयंपाकघरात होती. बाहेर आली नाही. तिच्याऐवजी रामरावाची सून, प्रणाली, बाळ कडेवर घेऊन दारात आली.

"आत्याबाई विचारते, पानी लागते काय?"

"नाई, मले काई ला..." डोमाजीनं जीभ आवरली. "लागते."

प्रणाली आत गेली, पाणी घेऊन आली. "आत्याबाई विचारते, चहा लागते काय?"

"लागते."

"टावेल?"

वर्तमानपत्र हलायला लागलं. डोमाजी खाली पाहत म्हणाला, "लागते."

प्रणाली पुन्हा आत गेली आणि या वेळी जरा उशिरानं आली. "आत्याबाई विचारते, अजून काय लागते?"

आता बोलायची वेळ होती. वाक्य तोंडात तयार होतं. पण सगळं घर कान लावून बसलेलं, आणि बाळसुद्धा टक लावून पाहत होतं. "तिले म्हना..." डोमाजी म्हणाला, "तिले विचारा, मी तिचा कोन लागतो."

आतून उत्तर प्रणालीची वाट न पाहता आलं. "ज्याले काईच लागत नाई, तो कोनाचा काय लागन?"

डोमाजी उठला. जावई सासुरवाडीच्या स्वयंपाकघरात असा शिरत नसतो, पण तो शिरला. कौशल्या भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात ताट झाकून ठेवलेलं होतं. जेवण जवळ होतं आणि ती जेवली नव्हती. कारण डोमाजी या छपराखाली आला होता, आणि राग कितीही असला तरी नेम तो नेम.

"काय ते लवकर सांगा," ती म्हणाली. "मले भूक लागली."

नेमकी तेव्हाच रुळावरून मालगाडी आली. घर थरथरायला लागलं, भांडी वाजायला लागली. डोमाजीनं घोकलेलं वाक्य काढलं, तर ते भलतंच निघालं. "देवाले टावेल... म्हणजे देव आपल्याले... लागत नाई, पन आपन देवाले..."

"काय?" कौशल्या ओरडली. "आयकू येऊन नाई राहिलं."

"देव आपला..."

"कोन?"

"देव नाई," डोमाजीनं वाक्याचा नाद सोडला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "मले तू लागते."

मालगाडीचा शेवटचा डबा तेवढ्यात निघून गेला होता. 'मले तू लागते' हे असं सगळ्या शांततेत पडलं. रामरावाच्या घरात पडलं, शेजारच्या घरात पडलं, आणि रुळापलीकडे काम करणारी माणसं फावडी टेकून इकडे पाहू लागली. रामरावाच्या हातून वर्तमानपत्र गळालं. भागवताच्या भोंग्यांची परतफेड झाली म्हणायची.

कौशल्येनं पदर तोंडावर ओढला. पदराआड ती हसत होती की रडत होती, हे तिलाही सांगता आलं नसतं. डोमाजीनं रुमाल सोडला आणि वेणी तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं ती आधी नाकाला लावली.

"शेपू नाई त्याच्यात," डोमाजी म्हणाला. "चष्मा घातला होता."

कौशल्येनं ताटावरचं झाकण काढलं आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. दारातून प्रणालीनं बाळाचा खुळखुळा वाजवला, घंटी म्हणून. पण डोमाजीनं दोन्ही हातांनी ताट घट्ट धरलं. म्हटलं, कोणी उचलून नेऊ नये. त्यानं पहिला घास घेतला, आणि मग कौशल्येनं आपलं ताट वाढून घेतलं. दोघंही पुष्कळ जेवले.

त्यालाही आता वर्ष उलटून गेलं. शेपूवाल्या नवरदेवाला मुलगी झाली, आणि तिच्या बारशाला डोमाजीनं फुकट हार दिला. रोज सकाळी न्हाणीतून पुन्हा हाक येते, "अवं, टावेल." कौशल्या पीठ झटकून उठते.

एकदा न्हाणीचं दार अर्धं उघडं राहिलं होतं. माणिकबाईच्या भिंतीवरून आतलं दिसतं. माणिकबाई म्हणते तिनं मुद्दाम पाहिलं नाही, आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवू. डोमाजी कोरडा ठणठणीत उभा होता, टॉवेल खांद्यावर होता, आणि तो टॉवेलासाठी हाक मारत होता. माणिकबाईला राहवलं नाही. दुपारी ती कौशल्येला म्हणाली, "बाई, तुह्या मानसाच्या खांद्यावर टावेल असते अन् ते तुले बोलावते. तुले ठाऊक हाय काय?"

"ठाऊक हाय," कौशल्या म्हणाली. "मीच ठुते त्याइच्या खांद्यावर. मंग बाहेर येऊन हाकेची वाट पाहाते."